पाहुण्यांसाठी सोडलेली जागा

फंक या अमेरिकन संगीतप्रकाराचा सगळा भार पहिल्या मात्रेवर असतो. गायक जेम्स ब्राउन आपल्या वादकांकडून ही एकच मात्रा घोटून घ्यायचा. बाकी काहीही करा, पण तिथे सगळे एकत्र उतरा. आपल्याला समेची सवय आहे, त्यामुळे हे पटकन कळतं. फरक इतकाच की, फंकमध्ये ही सम दर चार मात्रांनी दारात उभी असते. मधल्या मात्रांत बेस, ड्रम, गिटार, ऑर्गन यांचे छोटे छोटे तुकडे एकमेकांत असे अडकवलेले असतात की सुई शिरायला जागा नसावी.

अशा घट्ट विणीत मालीचे गायक सलीफ केटा, पेरूच्या गायिका सुसाना बाका, स्वीडनचं लोकसंगीत वाजवणारं वेसेन हे त्रिकूट आणि सत्तरी ओलांडलेले अमेरिकन गायक डेव्हिड क्रॉस्बी कसे बसवायचे? स्नार्की पपी या अमेरिकन बँडने ते करून दाखवलं. त्यांच्या 'फॅमिली डिनर' या अल्बमचा हा दुसरा भाग फेब्रुवारी 2015 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या एस्प्लनेड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि 2016 मध्ये आला. स्टुडिओ जुन्या चर्चच्या इमारतीत आहे. बेसवादक मायकेल लीगने 2004 मध्ये टेक्सासमधल्या डेंटनला, विद्यापीठातल्या मित्रांना घेऊन हा बँड उभा केला होता.

मी पुण्यात रेकॉर्डिंगचं काम करतो, म्हणून हा अल्बम मी आधी कामाच्या कानांनी ऐकला. आमच्याकडे गाणं बनतं ते साधारण असं: क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या ठोक्यावर, रिदम लागतो, मग बेस, की-बोर्ड, गिटार. ट्रॅक गच्च भरला की शेवटी गायक येतो. काचेपलीकडच्या बूथमध्ये उभा राहून तो उरलेल्या फटीत गातो आणि नंतर आम्ही ओळ न् ओळ पंच करून, म्हणजे तुकड्यातुकड्याने पुन्हा मुद्रित करून, त्याचं गाणं जुळवतो. पैसा, वेळ आणि जागा यांचं गणित त्यातच बसतं. पण गायक येण्याआधीच सगळे निर्णय झालेले असतात, ही गोष्ट मला पूर्वीपासून खुपते.

'फॅमिली डिनर'च्या चित्रफितीत उलटं दिसतं. वादक, पाहुणे आणि मोजके श्रोते एकाच खोलीत दाटीवाटीने बसलेले, आणि सगळ्यांच्या कानांना हेडफोन. श्रोत्यांच्यासुद्धा. खोलीत मोठे स्पीकर लावले असते तर तो आवाज प्रत्येक माइकमध्ये शिरला असता आणि मिक्स करताना काहीच वेगळं काढता आलं नसतं. हेडफोनमुळे गायकाचा बारीक श्वासही मागे बसलेल्या माणसाच्या कानात पोचतो. तरी ड्रम गायकाच्या माइकमध्ये थोडा झिरपतोच. त्याला आम्ही ब्लीड म्हणतो. ब्लीड असला की गायकाची एखादी ओळ नंतर गुपचूप बदलणं अवघड, कारण ओळीबरोबर त्यामागचा ड्रमही बदलतो. शिवाय कॅमेरे चालू. म्हणजे जे वाजलं, तेच राहणार. हे माहीत असल्यावर वादक वेगळं वाजवतात. हाताकडे न बघता ते गाणाऱ्याकडे बघतात.

पहिलं गाणं गायिका बेका स्टीव्हन्स आणि वेसेनचं. वेसेनमध्ये निकेलहार्पा आहे. गजाने वाजवायचं, पण बोटांऐवजी लाकडी पट्ट्या दाबून सूर काढायचं हे स्वीडिश वाद्य. त्याला सारंगीसारख्या तरफा असतात. गज थांबला तरी त्या गुंजत राहतात. फंकला असा लांबणारा सूर मानवत नाही, त्याला तुटक, कोरडे आघात लागतात. इथे मात्र बँडने आपले आघात मागे घेतले आणि तरफांची गुंज पुरी होऊ दिली. लयीचा जोर पुढे येतो, तेव्हा तो गाण्यातूनच उगवल्यासारखा वाटतो.

केटांच्या गाण्यात याच्या अगदी उलट. त्यांचा चढा, धारदार आवाज पितळी वाद्यांच्या भिंतीवरून सहज पलीकडे जातो. तिथे बँड मागे राहिला असता तर गाणं पडलं असतं. बाकांना चार्ली हंटरची साथ आहे. हा एकाच गिटारवर बेसच्या आणि गिटारच्या तारा लावून दोन्ही भाग एकट्याने वाजवतो. आणि क्रॉस्बींच्या गाण्यात एवढा मोठा ताफा बहुतेक वेळ हात आखडून बसतो. एकेकाच्या अंगात किती वाजवणं भरलंय हे माहीत असताना ते न वाजवणं ऐकायला मिळतं.

याच पद्धतीचं सर्वांत मोठं फळ मात्र पहिल्या भागात आहे. तो 2013 मध्ये व्हर्जिनियातल्या रोअनोक शहरात ध्वनिमुद्रित झाला. त्यात लेला हॅथवे 'समथिंग' गाते. शेवटाकडे बँड एकच आवर्तन फिरवत राहतो आणि ती एका गळ्यातून एकाच वेळी एकाहून जास्त सूर काढते. नुसती घरघर नाही, खालच्या कॉर्डला जुळणारे स्वच्छ सूर. आणि कॉर्ड बदलला की तेही बदलतात. वादकांचे चेहरे बघावेत: कुणी हसतो, कुणी अविश्वासाने शेजाऱ्याकडे बघतो, पण लय तसूभर हलत नाही. लय हलली असती तर तिच्या पायाखालची जमीनच गेली असती. या गाण्याला 2014 मध्ये सर्वोत्कृष्ट आर अँड बी सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. असा क्षण बूथमध्ये, पंच करून हाती लागत नाही. त्याला समोर चकित होणारी माणसं लागतात.

पाहुण्या गायकांचे अल्बम पुष्कळ निघतात. नाव वेष्टनावर येतं, आवाज फाइलने येतो आणि गायक आणि वादकांची गाठही पडत नाही. इथे गाठ पडली आणि ती टिकली. लीगने पुढे क्रॉस्बींचा 'लाइटहाउस' आणि बाकांचा 'पलाब्रास उर्हेंतेस' हे अल्बम निर्माता म्हणून केले. क्रॉस्बी 2023 मध्ये गेले, त्याआधीच्या त्यांच्या बहराच्या वर्षांत न्यू ऑर्लिन्सच्या त्याच खोलीत भेटलेल्या बेका स्टीव्हन्स आणि मिशेल विलिस त्यांच्यासोबत गात होत्या. इतक्या जातींचं संगीत एका अल्बममध्ये एकजीव होतं, त्याचं कारण मला इथे सापडतं. या बँडने पाहुण्यांना आपल्या तालात ओढलं नाही. प्रत्येकासाठी आपलं वाजवणं नव्याने ठरवलं, आणि तेही पाहुणा समोर बसलेला असताना.