घामाच्या तक्रारीतून उभा राहिलेला कापडाचा धंदा

सुती कपड्याची तारीफ आम्ही कापडवाले पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत आणि ती खोटी नाही. पण सुताला एक ऐब आहे. ते घाम पिते आणि धरून ठेवते. घामाने शर्ट पाठीला चिकटतो, ही तक्रार कोणत्या दुकानदाराने ऐकलेली नाही? "सूत आहे, असेच व्हायचे," एवढे म्हणून आपण पुढचा तागा उघडतो.

अमेरिकेत एका तरुणाने या तक्रारीचाच धंदा केला. केविन प्लँक हा मेरिलँड विद्यापीठाच्या फुटबॉल संघातला खेळाडू. तिकडचे फुटबॉल आपल्याकडच्यासारखे नसते. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर जाड कवच आणि त्याच्या आत सुती टी-शर्ट. सरावात तो शर्ट पिळून काढण्याइतका भिजायचा, जड व्हायचा, वारंवार बदलावा लागायचा. त्रास सगळ्या संघाला होता. पण प्लँकच्या ध्यानात एक गोष्ट आली. विजारीखाली घातलेली ताणाच्या कापडाची घट्ट चड्डी मात्र कोरडी राहत होती. मग शर्टच त्या कापडाचा का नसावा?

कारण साधे आहे. 100 ग्रॅम कोरडे सूत साध्या हवेतूनच साधारण 8.5 ग्रॅम ओलावा ओढते, तर पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही ओढत नाही. पॉलिस्टरचे तंतू बारीक असले की घाम त्यांच्या मधल्या फटींतून बाहेरच्या अंगाला येतो आणि हवेने वाळतो. मात्र कापड अंगाला टेकलेले हवे, म्हणून त्यात लायक्राचा ताण लागतो. यातला धागा प्लँकने शोधलेला नाही. ड्यूपाँट कंपनीने घाम बाहेर काढणारा 'कूलमॅक्स' धागा 1986 सालीच बाजारात आणला होता. माल होता, गिऱ्हाईक होते, दोघांची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

प्लँकने कापड आणून शिंप्याकडून नमुने शिवून घेतले, मग न्यूयॉर्कच्या कपडा बाजारात जाऊन माल तयार करवला. 1996 साली 'अंडर आर्मर' सुरू झाली तेव्हा त्याचे वय जेमतेम 24. वॉशिंग्टनमधल्या आजीच्या घराचे तळघर हेच ऑफिस, हेच गोदाम. कॉलेजात असताना गुलाबाची फुले विकून साठवलेली रक्कम घातली, ती संपल्यावर क्रेडिट कार्डांवर सुमारे 40 हजार डॉलर कर्ज काढले. हा व्याजाचा रस्ता आम्ही कुणाला सुचवणार नाही.

जाहिरातीला पैसा नव्हता. म्हणून व्यावसायिक संघांत गेलेल्या जुन्या सोबत्यांना त्याने शर्ट फुकट पाठवले, वर शेजारच्या खेळाडूलाही द्या म्हणून सांगितले. आम्हाला त्याची ही चाल सर्वांत पसंत पडली. नमुना पुष्कळ जण देतात, पण तो दुकानाच्या काउंटरवर देतात. याने तो रोज घाम गाळणाऱ्याच्या अंगावर घातला. कॉलेज संघांपैकी पहिली ऑर्डर जॉर्जिया टेकची आली. पहिल्या वर्षाची विक्री होती अवघी 17 हजार डॉलर.

आणि भाव? आपल्या बाजारात पॉलिस्टर म्हणजे स्वस्तातला माल. प्लँकने ते सुती टी-शर्टपेक्षा कितीतरी महाग विकले आणि खेळाडूंनी घेतले, कारण ते कापड नव्हे, कोरडे अंग विकत घेत होते.

2005 साली कंपनीचे शेअर बाजारात आले, 2010 साली विक्री 1 अब्ज डॉलरच्या पुढे गेली. मग वाढीचा आकडा टिकवण्याची घाई सुरू झाली. 2015 च्या उत्तरार्धापासून पुढच्या तिमाहीच्या सुमारे 40 कोटी 80 लाख डॉलरच्या ऑर्डरी आधीच ओढून घेतल्या आणि गुंतवणूकदारांना ते सांगितले नाही, असा ठपका तिथल्या शेअर बाजार नियामकाने ठेवला. 2021 साली कंपनीने आरोप मान्य किंवा अमान्य न करता 90 लाख डॉलर भरले. पुढच्या सीझनचा माल मार्चअखेर गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारून वही फुगवायची ही रीत शिकायला आम्हा घाऊकवाल्यांना अमेरिकेला जायची गरज नाही.