नखाएवढा शिपाई, वीतभर रणभूमी

दिवाळीत अंगणात किल्ला करायचा, त्यावर मोहरी पेरायची, बुरुजावर मातीचे मावळे उभे करायचे आणि शिवाजीमहाराजांना सिंहासनावर बसवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. इंग्लंड-अमेरिकेत प्रौढ माणसेसुद्धा तासन् तास खपून रणगाडे आणि चिमुकले सैनिक जोडतात, त्यांच्याभोवती चिखल, भिंती, झाडे उभारतात आणि त्याला 'डायोरामा' म्हणतात. दोन्ही खेळांचे मूळ एकच आहे. घडून गेलेली गोष्ट हाताने पुन्हा उभी करून पाहायची. फरक आहे तो मापाचा. किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी चालतो. डायोरामात तसे चालत नाही.

हे माप म्हणजेच 'स्केल'. प्लॅस्टिकच्या लष्करी किटमध्ये १:७२ आणि १:३५ ही दोन मापे फार चालतात. १:७२ म्हणजे सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंचाचा. १:३५ मध्ये तोच पाच सेंटिमीटरहून किंचित मोठा होतो. १:३५ हे माप तामिया या जपानी कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काढलेल्या पँथर रणगाड्यापासून रूढ झाले. आत मोटर आणि बॅटरी मावाव्यात म्हणून रणगाड्याचा आकार ठरला आणि त्यातून माप आले! ब्रिटनमध्ये एअरफिक्सने १:७२ घरोघरी पोचवले.

आता एक खरा प्रसंग घेऊन पाहू. ९ एप्रिल १९४५, उत्तर इटलीतील सेनिओ नदी. आठव्या हिंदी डिव्हिजनमधील पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणीने तेथे हल्ला चढवला. नदी अवघी पंधरा फूट रुंद, पाणी चार-पाच फूट खोल. पण दोन्ही काठांना तीस-पस्तीस फूट उंचीचे, कड्यासारखे पूरबंधारे, आणि ते जर्मनांनी आतून पोखरून ठेवलेले. कंपनीचा निरोप्या असलेला शिपाई नामदेव जाधव हा नगर जिल्ह्यातला. पाण्यातून वर येताच त्याच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. कंपनी कमांडर आणि दोन शिपाई जखमी झाले, जाधव सोडून बाकीचे पडले. जाधवांनी दोन खेपा करून दोघा जखमींना पाण्यातून, उभ्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढले. मग परत येऊन एकट्याने मशीनगनची तीन ठाणी उडवली. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवता येईना, तेव्हा हातबाँब वापरले. शेवटी बंधाऱ्यावर उभे राहून मराठ्यांची गर्जना करीत त्यांनी मागच्या कंपन्यांना पुढे बोलावले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पहिले काम कागद-पेन्सिलीचे. १:३५ मध्ये तीस फुटांचा बंधारा २६ सेंटिमीटर उंच होतो आणि नदी १३ सेंटिमीटर रुंद. चढ ४५ अंशांचा धरला तरी दोन उतार आणि नदी मिळून ६५ सेंटिमीटर लागतात. तेवढी जागा फ्लॅटमध्ये कोण देणार? १:७२ मध्ये तेच सारे ३२ सेंटिमीटरांत बसते आणि उंची १३ च्या आत राहते. म्हणजे पुस्तकांच्या कपाटाचा एक कप्पा पुरतो. उतार आणखी उभा केला तर जागा अजून कमी लागेल आणि ते सत्याला धरूनही होईल.

दुसरे काम क्षण निवडण्याचे. डायोरामात वेळ थांबलेली असते. एकच शिपाई दोन ठिकाणी दाखवता येत नाही. वॉटर्लूच्या लढाईची भव्य प्रतिकृती करणाऱ्या विल्यम सिबोर्न यांना हे चांगलेच भोवले. त्यांनी १८ जून १८१५ च्या संध्याकाळचा निर्णायक क्षण निवडला आणि मैदानावर प्रशियन सैन्य मोठ्या संख्येने मांडले. विजयाचे श्रेय वाटले जाते हे वेलिंग्टन यांना रुचले नाही, आणि अखेर हजारो प्रशियन बाहुल्या काढाव्या लागल्या. १८३८ साली लोकांपुढे आलेली ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. कोणाला उभे करायचे आणि कोणाला वगळायचे, हा प्रश्न खेळण्यातला नाही, हेच त्यातून कळते.

आपण पहिल्या खेपेचा क्षण घेऊ: खांद्यावर जखमी सोबती, जाधव पाण्याबाहेर पडताहेत, समोर सुरुंगांचा पट्टा.

बंधाऱ्यासाठी थर्माकोल किंवा घट्ट फोम कापून थर चिकटवावेत, वर प्लास्टर ऑफ पॅरिसचा हात द्यावा आणि तो ओला असतानाच बारीक चाळलेली माती भुरभुरावी. पाणी गढूळ असल्याने तळ हिरवट-तपकिरी रंगवून त्यावर चकचकीत व्हार्निशचे पातळ थर द्यावेत. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. पाण्यातल्या शिपायांचा छातीपासून वरचाच भाग लागतो.

१:७२ चे शिपाई बहुधा मऊ प्लॅस्टिकचे असतात. त्यांना किटचा नेहमीचा सिमेंट धरत नाही आणि रंगाचे पोपडे निघतात. म्हणून आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत, वाळवून प्रायमर द्यावा. खांद्यावरचा जखमी माणूस तयार मिळणार नाही. दोन बाहुल्या कापून इपॉक्सी पुटीने जोडाव्या लागतात. रंगवताना आधी खाकी, मग पातळ गडद रंग घड्यांत मुरू द्यावा, शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग फिरवावा. सिमेंट आणि स्प्रे वापरताना खिडकी उघडी हवी.

येथेच खरी मेख आहे. खोक्यावर 'ब्रिटिश इन्फन्ट्री' लिहिलेले असते आणि 'फ्लेश' नावाच्या डबीतला रंग गुलाबी गोरा असतो. गणवेश, शिरस्त्राण, बंदूक सारे जाधवांच्या पलटणीला लागू पडते. चेहरा तेवढा पडत नाही. त्या डबीत तपकिरी आणि किंचित तांबडा मिसळावा, आणि शिपायागणिक छटा थोडी बदलावी. हिंदी शिपाई म्हणजे फेटाच, असेही समजू नये. शीख शिपाई फेटा बांधत, पण मराठा पलटणी इटलीत पोलादी शिरस्त्राण घालून लढल्या.

पडलेल्या सोबत्यांचे काय? ते वगळले तर प्रसंग खोटा होतो, आणि लाल रंग ओतला तर तमाशा होतो. पाण्याच्या कडेला पालथी पडलेली दोन-तीन शरीरे, शेजारी एक रायफल, एवढे पुरे.

इटलीने या लोकांची आठवण ठेवली आहे. १० जुलै १९४४ रोजी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांच्या नावाने २०२३ साली मोन्तोने गावात सूर्यघड्याळाचे स्मारक उभे राहिले. परदेशात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात ही नावे सापडणे कठीण. एका पावसाळी शनिवारी त्यांना सोबत घेऊन बसा, फूटपट्टी त्यांच्या हाती द्या आणि बंधारा किती उंच हवा ते त्यांनाच काढू द्या. उत्तर आले, की 'एवढा चढ, आणि खांद्यावर माणूस?' हा प्रश्न त्यांचा तेच विचारतील.