पुंकेसराची कुळकथा

फूल हातीं आलें म्हणजे आपण प्रथम त्याचा रंग पाहतों व नंतर वास घेतों. पाकळ्यांच्या आंत उभे असलेले नाजूक तंतू सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहींत. परंतु पाकळ्यांचें काम बहुधा कीटकांस बोलावण्यापुरतें असून वंशरक्षणाचा भार या तंतूंवर असतो. यांस पुंकेसर म्हणतात. हे कोठून आले व कसे घडतात, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

पुंकेसराचा खालचा बारीक देंठ तो वृंत व माथ्यावरील गांठ तो परागकोश. परागकोशांत बहुधा चार पिशव्या असतात. तो पिकून फुटला म्हणजे वारा किंवा कीटक परागकण स्त्रीकेसरापर्यंत पोहोंचवितात व मग बीज धरतें. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कामेरारियुस यानें १६९४ सालीं हें प्रयोगानें दाखविलें. एरंडाचीं नरफुलें उमलण्यापूर्वींच त्यानें खुडून टाकिलीं, तेव्हां त्या झाडास पक्व बीज धरलें नाहीं.

पुढें १७९० सालीं महाकवि गटे यानें असें प्रतिपादन केलें कीं, फुलाचे सर्व अवयव हीं मुळांत पानाचींच रूपांतरें होत. पांढरें कुमुद बाहेरून आंत एकेक पाकळी काढीत पाहिलें तर या विचाराचें मर्म कळतें. पाकळ्या क्रमाक्रमानें अरुंद होत जातात. मग एखादीच्या टोकास पिवळा परागकोश दिसूं लागतो. आणि अखेरीस खरे पुंकेसर येतात. पाकळी कोठें संपली हें सांगणें कठीण!

मग पाकळी आधींची कीं पुंकेसर? देवदारासारख्या वृक्षांस पाकळ्या मुळींच नसतात, तरी पराग असतो. फुलझाडांचे अवशेष सुमारें १३ कोटि वर्षांपूर्वींच्या खडकांत सांपडतात. पराग त्याहूनही पुरातन आहे. यावरून पुष्कळ कुळांतील पाकळ्या म्हणजे पराग देण्याचें सोडून रुंद झालेले पुंकेसरच होत, असें अनेक शास्त्रज्ञ मानतात. आपल्या बागेंतील कर्दळ याची साक्ष देते. तिच्या ज्या रंगीत पाकळ्या आपणांस मोहवितात, त्या वस्तुतः वांझ पुंकेसर आहेत. एकाच पुंकेसराच्या अर्ध्या भागांत काय तो पराग असतो.

कळींतील एखादा अवयव पुंकेसरच कां होतो, याचा उलगडा १९९१ सालीं कोएन व मेयरोविट्झ या दोन शास्त्रज्ञांनीं केला. त्यांच्या मतें अ, ब आणि क अशा तीन प्रकारचीं जनुकें हें काम वांटून घेतात. एकटा अ असेल तेथें हिरवें पुष्पकोशदल, अ व ब मिळून पाकळी, ब व क मिळून पुंकेसर, आणि एकटा क असेल तेथें स्त्रीकेसर होतो. क निकामी झाला तर पुंकेसराच्या जागीं पाकळ्या येतात. या तिघांस साह्य करणारीं आणखी चार जनुकें आहेत. मोहरीच्या कुळांतील एका लहान रोपांत तीं चारही बंद पाडिलीं, तेव्हां फुलाचे अवयव पानांसारखे झाले, हें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. गटेच्या विचारास दोनशेंहून अधिक वर्षांनीं असा आधार मिळाला.

दुहेरी जास्वंद किंवा शेंकडों पाकळ्यांचा गुलाब पाहून आपण हर्षित होतों. पण त्यांतील पुष्कळ पाकळ्या पुंकेसरांच्या जागीं आलेल्या असतात. पुंकेसर सर्वस्वीं पाकळ्या झाले तर परागही गेला, आणि त्या झाडाचा वंश माळ्याच्या कलमावर अवलंबून राहिला. रानांतील साध्या पांच पाकळ्यांचें फूल मात्र आपलें बीज आपणच राखतें.

विद्यार्थिमित्रांनीं एक साधी जास्वंद व एक दुहेरी जास्वंद शेजारीं ठेवून, पाकळ्या मोजून पाहाव्या. शोभा वाढतांना काय वेंचलें गेलें, हें त्यांस पुस्तकावांचून कळेल. आणि ज्यानें इतक्या बारीक तंतूवर एवढें मोठें कार्य सोंपविलें, त्या निर्मात्याचें कौतुक वाटल्यावांचून राहणार नाहीं.