फ्रेडीची चार तासांची कुंडली

अमेरिकेतल्या आमच्या चँडलरमध्ये ऑक्टोबरात हॅलोविनसाठी अंगणाअंगणात सांगाडे उभे राहतात. शेजारच्या मुलाने फ्रेडी क्रूगरचं सोंग घेतलं, पण सिनेमे पाहिलेच नव्हते!

त्याला मी ‘नेव्हर स्लीप अगेन’ सुचवला. फ्रेडीच्या ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या भयपट मालिकेवरचा 2010चा माहितीपट, तब्बल चार तासांचा. निवेदन पहिल्या चित्रपटाची नायिका हेदर लँगेनकँपचं.

1984च्या पहिल्या भागातला पलंगातून उसळणारा रक्ताचा फवारा आठवतो? फिरती खोली उलटी करून लाल पाणी वरून ओतलं होतं. वजनाने खोलीच गरगरली!

मूळ कल्पना मात्र खरी. झोपेत दगावलेल्या आग्नेय आशियाई निर्वासितांच्या बातम्या दिग्दर्शक वेस क्रेव्हनने वाचल्या होत्या.

रामसे बंधूंचा हिंदी ‘महाकाल’ही या चित्रपटावरूनच बेतलेला. जॉनी लिव्हरसकट!