एका दिवसाच्या डोंगरवाटेला सॅकमध्ये काय न्यावे?

पिंपरी, प्रतिनिधी - पिंपरी, भोसरी आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गर्दीने फुलून जाणारे मावळातील किल्ले त्या दिवशी येथील कामगारांना जवळजवळ मोकळे मिळतात. सकाळी चिंचवड वा आकुर्डीहून लोणावळा लोकल पकडायची, मळवलीला उतरायचे, भाजे गावातून गायमुख खिंड गाठायची, लोहगड आणि विसापूर पाहून रात्रीच्या जेवणाला घरी परतायचे, असा हा ठरलेला बेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत लोहगडाचा समावेश झाल्यापासून या वाटेला लागणारी नवी पावलेही वाढली आहेत.

मात्र मोकळ्या किल्ल्याची दुसरी बाजूही आहे. रविवारी पाय मुरगळला तर आधार द्यायला दहा हात पुढे येतात. गुरुवारी हाक मारली तरी ती ऐकायला कोणी असेलच असे नाही. म्हणूनच 'एकच दिवस तर जायचे आहे, सामान कशाला हवे?' हा नेहमीचा प्रश्न नीट तपासून पाहण्याजोगा आहे.

यादी कोणत्या वेळेसाठी?

बहुतेक जण सॅक भरताना सकाळच्या चढाईचा विचार करतात. डबा, पाण्याची बाटली, कॅमेरा एवढ्यावर यादी संपते. ठरल्याप्रमाणे सारे पार पडले तर एवढे सामान पुरतेही. अडचण येते ती वेळ चुकल्यावर. दुपारचे चार वाजले आहेत, उतरायला दोन तास लागणार आहेत आणि सोबतच्या एकाचा घोटा दुखावला आहे, अशी स्थिती डोळ्यांसमोर आणावी. अंधार, पाऊस, तहान आणि तुटलेला संपर्क या चार गोष्टी अशा वेळी एकामागून एक समोर येतात. त्यांना तोंड देता येईल एवढे सामान सॅकमध्ये असले पाहिजे आणि त्याहून फार अधिक असता कामा नये, हा निवडीचा साधा निकष म्हणता येईल.

लोणावळ्यातील 'शिवदुर्ग मित्र' आणि मावळातील 'वन्यजीव रक्षक मावळ' यांसारख्या संस्थांचे कार्यकर्ते अशा प्रसंगी मदतीला धावतात. पण ही माणसे स्वयंसेवक आहेत. निरोप मिळाल्यावर हातातले काम सोडून एकत्र जमायचे, पायथा गाठायचा, वर चढायचे, जखमीला शोधायचे आणि स्ट्रेचरवरून उतरवायचे, यात कित्येक तास जातात. ते तास अडकलेल्या माणसाला स्वतःजवळच्या सामानावर काढावे लागतात.

मे २०२२ मध्ये लोणावळ्याजवळील नागफणीच्या परिसरात बाहेरगावाहून एकटाच आलेला एक तरुण वाट चुकला. आपण वाट चुकल्याचे त्याने फोनवरून कळवले. पुढे संपर्क तुटला. स्थानिक शोधपथके आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने जंगल पिंजून काढल्यावर काही दिवसांनी त्याचा मृतदेह दरीत सापडला. एखादी वस्तू जवळ असती तर तो वाचला असता, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. दिवसाउजेडी निघालेली सहल किती लवकर वेगळे वळण घेऊ शकते, एवढे मात्र त्यातून ध्यानी घ्यायला हवे.

पाणी : सर्वांत जड आणि सर्वांत आवश्यक

सॅकमधील सर्वांत जड वस्तू म्हणजे पाणी. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. त्यामुळे 'वाटेत मिळेल' या भरवशावर ते कमी नेण्याचा मोह होतो. मध्यम चालीने चालताना ताशी अर्धा लिटर पाणी लागते, असा साधारण ठोकताळा आहे. लोहगड-विसापूरच्या सहा ते सात तासांसाठी त्यानुसार तीन ते साडेतीन लिटर पाणी हवे, उन्हाळ्यात आणखी. लोहगडवाडीत सुट्टीच्या दिवशी खाण्यापिण्याची सोय होते, परंतु आडवारी ती गृहीत धरू नये.

पाणी दोन बाटल्यांत वाटून न्यावे. एक सांडली वा गळली तरी दुसरी उरते. शेवटचा अर्धा लिटर गावात पोहोचेपर्यंत राखून ठेवावा. किल्ल्यावरील टाक्यांचे पाणी स्वच्छ दिसले तरी ते पिण्याजोगे आहे का, हे गावकऱ्यांना विचारावे. निरुपाय असल्यास क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबावे. ओआरएसची दोन पाकिटे जवळ असावीत. एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळायचे असते. लहान बाटलीत ते अख्खे ओतल्यास द्रावण प्रमाणाबाहेर खारट होते व अपायही होऊ शकतो.

उजेड आणि संपर्क

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दाट झाडीच्या उतारावर त्याआधीच काळोख दाटू लागतो. अशा वेळी मोबाइलच्या दिव्यावर विसंबणे म्हणजे उजेड आणि संपर्क या दोन्ही गोष्टी एकाच बॅटरीच्या स्वाधीन करणे होय. प्रत्येकाजवळ स्वतंत्र टॉर्च हवा. कपाळावर बांधायचा टॉर्च असल्यास उतरताना दोन्ही हात मोकळे राहतात. सेलवर चालणारा टॉर्च सॅकमध्ये चुकून सुरू राहू नये म्हणून एक सेल उलटा घालून ठेवण्याची जुन्या भटक्यांची युक्ती आजही उपयोगी आहे. जास्तीचे सेल कोरड्या पिशवीत ठेवावेत.

डोंगरात रेंज शोधता शोधता मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते. चालताना फोन फ्लाइट मोडवर ठेवावा आणि परिसराचा नकाशा घरूनच डाउनलोड करून घ्यावा. भरलेली पॉवर बँक प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्यावी. संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा. आणखी एक अगदी स्वस्त साधन म्हणजे शिट्टी. ओरडून घसा बसतो. शिट्टी तासन्‌तास वाजवता येते आणि तिचा आवाज धुक्यातही दूरवर जातो. मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट विश्रांती आणि पुन्हा सहा, ही डोंगरातील मदतीची रूढ खूण आहे.

पायांत काय असावे?

मागच्या पिढीने कॅनव्हासच्या 'हंटर' बुटांवर सह्याद्री पालथा घातला. आज पर्याय भरपूर आहेत, पण कसोटी तीच आहे. तळव्याला खोल खाचा हव्यात आणि बूट घोट्याशी घट्ट बसला पाहिजे. औद्योगिक पट्ट्यातील अनेक तरुण कंपनीचे सेफ्टी शूज घालून डोंगर चढताना दिसतात. वरून काही पडले तर बोटे वाचावीत, या हेतूने त्यांत पुढे पोलादी टोपी असते. दीर्घ उतारावर पायाची बोटे याच टोपीवर आदळत राहतात आणि बुटांचे वजनही अधिक असते. कारखान्यात योग्य असलेली वस्तू डोंगरात योग्य ठरेलच असे नाही. अगदी नवे बूटही थेट डोंगरावर नेऊ नयेत. आधी आठ-पंधरा दिवस घालून ते पायात बसू द्यावेत. मोज्यांचा एक कोरडा जोड सॅकमध्ये अवश्य असावा.

पाऊस, वारा आणि कपडे

पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, तर लोहगड हजार मीटरहून किंचित उंच आहे. दर हजार मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, या हिशेबाने गडमाथा शहराहून तीनेक अंशांनी थंड असतो. हा फरक किरकोळ वाटतो. पण अंग भिजलेले असेल आणि वर वारा सुटलेला असेल तर तेवढ्यानेही हुडहुडी भरते, बोटे काम देईनाशी होतात आणि पाय अडखळू लागतात. जीन्स भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही, म्हणून ती टाळावी. माथ्यावरच्या वाऱ्यात छत्री टिकत नाही. दुचाकीवर वापरायचा रेनकोट अधिक उपयोगी. सॅकच्या आत कचऱ्यासाठी मिळणारी जाड मोठी पिशवी अस्तरासारखी लावली तर सारे सामान कोरडे राहते. त्यात एक कोरडा, पूर्ण बाह्यांचा शर्ट असावा.

उन्हाळ्यात टोपी आणि मोठा पंचा वा ओढणी जवळ ठेवावी. उन्हापासून डोके झाकायला, दुखरा हात गळ्यात अडकवायला आणि आग्या मोहोळ उठल्यास तोंड झाकून दूर पळायला तोच कपडा कामी येतो. कड्याजवळ धूर करणे, गोंगाट करणे आणि उग्र अत्तर लावून जाणे या तिन्ही गोष्टी मधमाश्यांना चिथावणाऱ्या आहेत.

शिदोरी आणि औषधे

दुपारच्या जेवणाला दशम्या वा भाकरी-चटणी उत्तम. त्याखेरीज गूळ-शेंगदाणे, चिक्की किंवा खजूर यांची एक पुडी वेगळी बांधावी आणि परत येईपर्यंत ती सोडू नये. ही वेळ चुकल्यावरची शिदोरी होय.

औषधांच्या डब्यात क्रेप बँडेज, जाळीची पट्टी, चिकटपट्टी, जंतुनाशक आणि सेफ्टी पिना एवढे पुरे. मधुमेह, रक्तदाब किंवा दमा असणाऱ्यांनी आपली नेहमीची औषधे एक जादा मात्रा धरून न्यावीत. सर्पदंशावर उपाय म्हणून ब्लेड आणि दोरी बाळगणारे अजूनही आढळतात. जखम कापणे, चोखणे किंवा वरून करकचून बांधणे यामुळे नुकसानच होते. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला लवकरात लवकर रुग्णालयात पोहोचवणे आणि तेथे प्रतिविष मिळणे, हाच खरा उपचार आहे.

काय घरी ठेवावे?

अनेकांच्या सॅकमध्ये हार्डवेअरच्या दुकानातून घेतलेली नायलॉनची दोरी असते. ती सामान बांधायला ठीक. माणसाचा भार त्यावर टाकू नये. प्रस्तरारोहणाचा दोर वेगळा असतो आणि तो वापरायला प्रशिक्षण लागते. एका दिवसाच्या साध्या भटकंतीत दोराशिवाय पुढे जाता येत नाही असे ठिकाण आले, तर तेथून परत फिरणेच शहाणपणाचे.

पाण्याच्या प्रवाहाबाबतही हेच खरे. लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. वरच्या अंगाला पाऊस झाला की पायापुरते पाणी पाहता पाहता कमरेला लागते. अशा लोंढ्यात पाठीवरचे कोणतेही सामान उपयोगी पडत नाही. मुळात प्रवाहात न उतरणे हाच उपाय. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धोकादायक ठिकाणी प्रवेशबंदी लागू करते. तसे आदेश निघाले आहेत का, हे निघण्यापूर्वी पाहावे.

एकेकाळी सह्याद्रीच्या रानांत दिवसभराच्या शिकारीला निघणाऱ्यांच्या सामानात बंदूक पहिली असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो काळ संपवला. भीमाशंकरसारख्या अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणे हाही या कायद्याचा भंग आहे. त्यामुळे हौसेने घेतलेली एअरगन घरीच राहू द्यावी. मोठ्या आवाजाचे स्पीकर, फटाके आणि मद्य यांनाही किल्ल्यावर जागा नाही. रिकामी मोठी पिशवी मात्र न्यावी. आपला कचरा त्यातून परत आणता येतो.

वजनाचा हिशेब

एका दिवसाच्या सॅकचे वजन शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापुढे जाऊ नये, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. साठ किलोच्या माणसाला म्हणजे सहा किलो. तीन लिटर पाणी, शिदोरी, कपडे, टॉर्च, पॉवर बँक आणि औषधे मिळून वीस-पंचवीस लिटरच्या सॅकचे वजन पाच किलोच्या आसपास भरते. चौघे असल्यास औषधांचा डबा एकच पुरे. पाणी, टॉर्च, शिट्टी आणि रेनकोट या चार वस्तू मात्र ज्याच्या त्याच्याजवळच हव्यात, कारण चुकामूक होते तेव्हा वाटून घेतलेले सामान नेमके दुसऱ्याच्या पाठीवर असते.

शेवटची वस्तू सॅकमध्ये ठेवायची नसून घरी ठेवायची आहे. कोणत्या किल्ल्यावर, कोणत्या वाटेने, कोणाबरोबर जात आहोत आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास चौकशी सुरू करावी, हे कागदावर लिहून घरच्यांच्या हाती द्यावे. शोध घेणाऱ्यांना त्या चार ओळींमुळे कोणत्या डोंगराकडे वळायचे हे तरी कळते.

परतल्यावर सॅक रिकामी करताना टॉर्च, ओआरएस, चिक्कीची पुडी आणि कोरडा शर्ट जसेच्या तसे निघतील. बहुतेक वेळा तसेच व्हायचे. ते ओझे फुकट वाहिले, असे समजून पुढच्या गुरुवारी ते काढून ठेवण्याची चूक मात्र करू नये.