जखमी सापाचा खण
सापांची शुश्रूषा : लेखांक ६

मागच्या आठवड्यात शेतात सापांना होणाऱ्या इजा पाहिल्या. रोटाव्हेटरखाली चिरडलेली शेपटी, कोयत्याचा ओझरता घाव, नायलॉनच्या जाळीत अडकून सोललेली कातडी, शेततळ्याच्या गुळगुळीत प्लास्टिकवरून वर येता न आल्यामुळे थकून गेलेली धामण. जखम धुतली, टाके पडले, पुढे काय? साप एका रात्रीत बरा होत नाही. त्याच्या जखमा आठवडेच्या आठवडे भरत राहतात, आणि तेवढे दिवस त्याला कुठेतरी ठेवावंच लागतं.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न रोजचा आहे. शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे यांनी ‘सर्पराज्ञी’ हे वन्यजीव पुनर्वसन केंद्र उभं केलं. तिथे हरणं, मोर, माकडं, घुबडं आणि साप उपचारासाठी येतात आणि बरे झाल्यावर निसर्गात परत जातात. असं काम करणाऱ्या कुठल्याही ठिकाणी जागा आणि पैसा कायम अपुराच पडतो. म्हणून थोड्या जागेत अनेक साप वेगवेगळे, सुरक्षित आणि उबदार कसे ठेवायचे, हे नीट समजून घ्यायला हवं.

यावरचा एक उपाय परदेशातल्या सर्पपालकांकडून आला आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या घाना, टोगो, बेनिन या देशांतला बॉल पायथन अमेरिकेत पाळला जाऊ लागला. १९९२ साली त्याच्या अल्बिनो रंगाची पैदास तिथे साधली आणि नवनव्या रंगांची पिल्लं काढण्याचा मोठा धंदा उभा राहिला. शेकडो साप काचेच्या पेट्यांत ठेवणं परवडेना, तेव्हा ओढत्या टबांची मांडणी सर्रास वापरली जाऊ लागली. लाकडी किंवा प्लायवूडच्या चौकटीत एकावर एक फळ्या बसवायच्या आणि प्रत्येक खणात ड्रॉवरसारखा ओढता येणारा प्लास्टिकचा टब ठेवायचा. टबाला वेगळं झाकण नसतं, वरची फळी तेच काम करते.

ऐकायला सोपं वाटणारं हे काम सुताराकडून मात्र फार काटेकोर करून घ्यावं लागतं. टबाची कड आणि वरची फळी यांच्यात दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहिली, तर कवड्यासारखा बारीक साप रात्रीतून निघून जातो. म्हणून आधी टब विकत आणावेत आणि त्यांच्या मापाने चौकट करावी. हवेसाठी टबाच्या दोन्ही बाजूंना तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने भोकं पाडावीत. ती आतून बाहेर पाडावीत, नाहीतर आत राहिलेली धारदार कड सापाच्या जखमेला लागते. तळाला वर्तमानपत्र अंथरावं. ते स्वस्त असतं, रोज बदलता येतं, आणि त्यावर रक्त, विष्ठा, गोचिड लगेच दिसतात. पाण्याचं भांडं जड बुडाचं हवं. लपायला फुटक्या माठाचं खापर पालथं घालावं. आडोसा मिळाला नाही तर साप सतत धास्तावलेला राहतो आणि खात नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ऊब. साप शरीरातली उष्णता स्वतः निर्माण करून टिकवू शकत नाही, ती बाहेरून घेतो. अंग थंड पडलं की पचन मंदावतं, पोटातलं भक्ष्य कुजू लागतं आणि साप ते ओकतो. रोगाशी लढण्याची ताकदही उतरते. जखमी सापाला उबेशिवाय दिलेलं प्रतिजैविक निम्मं वाया जातं, असं मी सरळ म्हणेन. पण सगळा टब सारखाच तापवला तर तीही चूक ठरते. टबाच्या मागच्या एक तृतीयांश भागाखालून हीटिंग केबल किंवा हीट टेप न्यावी. मागे ३० ते ३२ अंश आणि पुढे २५ अंशांच्या आसपास तापमान राहिलं, की साप आपली जागा आपण निवडतो. त्याला ही निवड मिळावी यासाठीच तर सगळा खटाटोप.

केबल थेट प्लगला कधीही जोडू नये. मध्ये थर्मोस्टॅट हवाच, आणि त्याचा सेन्सर केबल आणि टबाच्या बुडाच्या मध्ये घट्ट बसलेला हवा. सेन्सर निसटून बाहेर लोंबला तर थर्मोस्टॅटला वाटतं खोली थंड आहे, आणि तो केबल तापवतच राहतो. तापलेल्या तळावरून साप वेळेत उठेल, या भरवशावर राहू नये. पोटाच्या खवल्यांना भाजल्याच्या जखमा अशाच होतात. विजेचा बल्ब हा आपल्याकडचा नेहमीचा उपाय, पण चोवीस तास उजेड निशाचर सापाला छळतो आणि कोरड्या हवेत त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघते.

बीडची हवा या कामात दोन्ही टोकांनी परीक्षा घेते. डिसेंबर-जानेवारीत रात्री ऊब हवी, आणि तेव्हाच वीज गेली तर पंचाईत होते. त्यासाठी चौकटीला मागून आणि बाजूंनी थर्मोकोल लावावा, छोटा इन्व्हर्टर ठेवावा. तो नसेल तर कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली टबाच्या मागे ठेवता येते. एप्रिल-मे मात्र उलटे. पारा चाळीसच्या वर जातो, आणि ३८-४० अंशांत सतत कोंडलेला साप मरतो. रानात तो वारुळात, बिळात खोल जाऊन बचावतो, पण टबातून कुठे जाणार? पत्र्याच्या खोलीत ही मांडणी ठेवूच नये. जाड भिंतीची खोली, ओलं गोणपाट आणि खिडकीला कूलर लागतो. उन्हाळ्यात सगळे टब खालच्या खणांत आणावेत, कारण गरम हवा वर साठते.

प्रत्येक साप या मांडणीत बसत नाही. ‘दुतोंड्या’ समजून तस्करांनी पळवलेली आणि कारवाईत जप्त झालेली मांडूळं सुटकेचा आदेश येईपर्यंत सांभाळावी लागतात. ती मातीत पुरून राहणारी, त्यांना वर्तमानपत्राऐवजी कोरड्या वाळूमिश्रित मातीचा जाड थर द्यावा. नाग, घोणस, मण्यार, फुरसे यांना ओढत्या टबात ठेवायला माझा स्पष्ट विरोध आहे. टब ओढताना सापाचं तोंड कुठे आहे हे कळत नाही. त्यांना वरून उघडणारी, कुलपाची, नाव लिहिलेली पेटीच हवी. पूर्ण वाढलेली धामणही इथे नको. सहा-सात फुटांची, सतत फिरणारी ती धामण टबात नाक घासून घासून तोंड जखमी करते.

इथेच मांडणीची मर्यादा कळते. साप नुसते वेटोळं घालून पडून असतात, हा समज खरा नाही. जागा मिळाली तर ते अंग पुरतं ताणतात, चढतात, फिरतात. युरोपात आज या कप्पेबंद पाळण्यावर कडक टीका होते आणि ती मला पटते. ही मांडणी म्हणजे रुग्णालयातली खाट आहे. जखम भरेपर्यंत ती उपयोगाची, जन्मभर तिच्यावर ठेवणं ही क्रूरता.

हा लेख वाचून कुणाला घरी साप ठेवण्याची इच्छा झाली, तर तिला इथेच आवर घालावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप पकडणं आणि बाळगणं हा गुन्हा आहे. अनुसूची एकमधल्या प्राण्यांसाठी शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते. अनुसूची चारमधला परदेशी साप असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

थोडे दिवस ठेवून परत सोडण्याची शिस्त आपल्या देशात रुजलेली आहे. चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची १९७८ सालची सहकारी संस्था विषासाठी पकडलेले साप मातीच्या मडक्यांत ठेवते, सुमारे तीन आठवड्यांत चार वेळा विष काढते आणि त्यांना पुन्हा रानात सोडते. मडक्याच्या तोंडावर सुती कापड. आपल्या जिल्ह्यात काम करणाऱ्या सर्पमित्रांनीही प्रत्येक टबावर साप आल्याची तारीख आणि सोडण्याची अपेक्षित तारीख लिहावी. शेतात जखमी साप दिसला तर त्याला डब्यात भरून घरी नेऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, आणि मदत येईपर्यंत लांबून त्याच्यावर लक्ष ठेवा.