विश्लेषण : धावायचे, वाट चुकायची, मग बिअर... काय असते ‘हॅश’ धाव?

शर्यत नाही, पदक नाही, वेळेची नोंद नाही. तरीही १९३८ पासून जगभर पसरलेल्या या खेळात नवख्यांना सामील होणे सोपे का? आणि जाण्यापूर्वी काय लक्षात ठेवावे?

‘पेस किती?’ या एका प्रश्नाने अनेक नवखे धावपटू रनिंग ग्रुपपासून लांब राहतात. ‘हॅश हाऊस हॅरिअर्स’ नावाने चालणाऱ्या गटांत हा प्रश्न गैरलागू ठरतो. पिणाऱ्यांचा क्लब, पण धावण्याचे व्यसन जडलेला, अशी ते स्वतःचीच थट्टा करतात.

सुरुवात कुठे झाली?

१९३८ मध्ये क्वालालंपूर येथे. तेव्हाच्या ब्रिटिश मलायात नोकरीला असलेले ए. एस. गिस्पर्ट आणि त्यांचे मित्र सोमवारी संध्याकाळी धावायला जमू लागले. त्यांच्यापैकी काही जण सेलंगोर क्लबच्या निवासात राहत. तिथल्या बेचव जेवणावरून त्या जागेला ‘हॅश हाऊस’ म्हणत. तेच नाव गटाला मिळाले. १९४२ मध्ये सिंगापूरच्या लढाईत गिस्पर्ट मारले गेले. युद्धानंतर मित्रांनी धाव पुन्हा सुरू केली. १९५० मध्ये नोंदणी करताना व्यायामाबरोबरच शनिवार-रविवारची नशा उतरवणे, तहान लावून ती बिअरने भागवणे आणि ज्येष्ठांना ‘तुम्ही वाटता तितके म्हातारे नाही’ हे पटवणे, अशी उद्दिष्टे लिहिली गेली.

१९६२ मध्ये सिंगापुरात दुसरा गट निघाला आणि पुढे जगभर शाखा फुटल्या. या गटांचे ‘इंटरहॅश’ हे जागतिक संमेलन २००२ मध्ये गोव्यात भरले होते.

खेळ चालतो कसा?

एक-दोन जण ‘ससा’ होतात. ते पीठ किंवा खडूने खुणा करत वाट आखतात. बाकीचे ‘शिकारी कुत्रे’ त्या खुणांचा माग काढतात. खूण दिसली की ‘ऑन-ऑन’ अशी आरोळी ठोकायची.

खरी गंमत वाट चुकवण्यात आहे. ठरावीक ठिकाणी माग तुटतो. पुढचे जण चारही दिशांना शोधत सुटतात, खोट्या वाटेवर जाऊन परत येतात. तोवर मागचे चालत येऊन पोहोचतात. म्हणजे वेगवान माणूस जास्त धावतो, हळू चालणारा कमी. पण शेवटाला सगळे साधारण एकत्र येतात. जिंकणारा कुणीच नसतो.

बिअर घ्यावीच लागते का?

नाही. धाव संपली की सगळे गोल उभे राहतात. वाट चुकली, नवे बूट घातले अशा क्षुल्लक ‘गुन्ह्यां’साठी एका दमात पेला रिकामा करण्याची शिक्षा असते. त्यात पाणी किंवा सरबतही चालते. काही धावांनंतर टोपणनाव मिळते. ही नावे आणि विनोद बरेचदा चावट असतात. काही गट फक्त पुरुषांचे, काही फक्त महिलांचे, तर काही मुलाबाळांसह येणाऱ्यांचे असतात. त्यामुळे आधी चौकशी केलेली बरी.

जाण्यापूर्वी काय लक्षात ठेवावे?

- घामाने शरीरातील पाणी आधीच कमी झालेले असते. मद्यामुळे लघवी वाढून ते आणखी घटते. आधी पाणी आणि खाणे, मग बिअर.
- महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ वर्षे आहे.
- १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्य आढळले, तर वाहन चालवणे गुन्हा ठरतो. पहिल्याच वेळी १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. गाडी घरीच ठेवावी.
- माग आखणाऱ्यांनी जागा जपून निवडावी. २००७ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे एका दुकानाच्या पार्किंगमध्ये टाकलेले पीठ घातक भुकटी समजून पोलिसांना पाचारण करण्यात आले आणि दुकान रिकामे करावे लागले.

पहिल्या दिवशी महागडे बूट नकोत. चिखलातून वाट निघण्याची शक्यता बरीच असते. आणि नवे बूट दिसले, तर काही गटांत त्याच बुटातून प्यावे लागते.